अक्षरांच्या जाळीतील चित्र
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांचे निमंत्रण आले तेव्हा त्यात विषय होता ‘संगणक आणि आपली मुले’. विषय मोठा आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलू लागले म्हणजे बोलणारा हवेत जातो आणि ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय लहान करून घेतला. आज मी संगणकावरील एकाच खेळाविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो चालू असेल. मुलगा किंवा मुलगी पडद्यासमोर बसली आहे, पडदा काळा आहे, त्यावर हिरवी अक्षरे आणि चिन्हे हलत आहेत. आपण विचारता, ‘हे काय चालले आहे?’ उत्तर येते, ‘काही नाही.’ मग आपण रागावता. मीही रागावलो होतो, आणि ती हकिगत सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. माझी थोरली मुलगी अकरावीत असताना आम्ही तिला एक जुना, वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. त्याची बॅटरी मेलेली होती. वायर काढली की यंत्र बंद. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असताना रात्री साडेअकरा वाजता मी पाहिले, तर पडद्यावर एक मेणबत्ती होती, आणि ती मेणबत्ती अक्षरांची होती. मी एक शब्द न बोलता भिंतीतली वायर ओढली. दोन संध्याकाळचे काम जतन केलेले नव्हते, ते गेले. ती काही बोलली नाही, निजायला गेली. सकाळी तिची वही टेबलावर उघडी पडलेली दिसली. आलेख-कागदावर आठ चौकोन रुंद आणि सोळा चौकोन उंच अशी घरे आखलेली, प्रत्येक घरात एकेक चिन्ह पेन्सिलीने भरलेले, आणि खाली आकडे. १२८ चौकोनांपैकी या चिन्हाने किती व्यापले, त्या चिन्हाने किती. टिंबाने २, अधिकच्या चिन्हाने १४, आणि ई-मेलच्या पत्त्यात येते त्या @ ने ५२. गणिताच्या शिक्षकाच्या घरी हे चालले होते आणि शिक्षकाला पत्ता नव्हता!

मुलांचा हा खेळ नेमका कोणता, ते आता सांगतो. संगणकाचे चित्र अतिशय बारीक ठिपक्यांचे असते, त्यांना पिक्सेल म्हणतात. या खेळात ते चित्र, मग तो फोटो असो, चालता चित्रपट असो की फिरणारा ठोकळा असो, ठिपक्यांऐवजी अक्षरांनी दाखवायचे. जिथे उजेड तिथे भरगच्च चिन्ह, जिथे अंधार तिथे कोरी जागा. जुन्या काळच्या संगणकाचा पडदा जसा दिसे तसा देखावा आजच्या ब्राउझरमध्ये मुद्दाम उभा करायचा.

हा प्रकार संगणकाहून जुना आहे. माझे वडील कोकणात आमच्या गावी टायपिंगचा क्लास चालवीत. बाहेरच्या खोलीत सात यंत्रे, पैकी दोन मराठी. ज्यांचा हात बसला होता अशी मुले सुटीच्या दिवशी एकाच चिन्हाचे ठोके देऊन गुलाबाचे फूल किंवा एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा काढीत. अब्बा त्यांच्यावर ओरडत, कारण रिबन झिजे आणि रिबनचे पैसे त्यांच्या खिशातून जात. पण त्यांतली दोन चित्रे त्यांनी भिंतीला चिकटवून ठेवली होती, हेही खरे. पुढे मला समजले की इंग्लंडमध्ये फ्लोरा स्टेसी नावाच्या बाईंनी १८९८ सालीच टाइपरायटरवर फुलपाखराचे चित्र काढले होते. म्हणजे आमच्या क्लासातल्या मुलांआधी जवळजवळ नव्वद वर्षे.

संगणक आला तेव्हा त्याला चित्र काढता येत नव्हते. त्याला अक्षरेच ठाऊक. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाचे एक प्रमाण ठरले. त्यात १२८ सांकेतिक अंक असतात. त्यांपैकी ३३ यंत्राला हुकूम देण्यासाठी आणि कोरी जागा धरून ९५ छापण्याजोगे. इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, एवढाच संसार. १९६६ साली बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मन आणि केन नोल्टन या दोघांनी एका छायाचित्राचे असे भिंतभर चित्र केले की, जवळ गेले तर नुसती विद्युत-मंडलांची बारीक चिन्हे, आणि लांब गेले तर आडवी पहुडलेली मानवी आकृती. पुढे घरोघरच्या पडद्यांवर अक्षरांच्या ओळी आल्या. १९८१ च्या आय.बी.एम. वैयक्तिक संगणकावर एका ओळीत ८० अक्षरे आणि अशा २५ ओळी मावत, म्हणजे सबंध पडद्यावर २,००० जागा. ज्याला काही दाखवायचे असेल त्याने तेवढ्यात दाखवावे.

तो हिरवा रंगही हौसेचा नव्हता. त्या यंत्राच्या एकरंगी पडद्याला आतून जो लेप लावलेला असे, तो विजेचा झोत लागला की हिरवा उजळे, आणि झोत पुढे गेल्यावरही क्षणभर उजळत राही. त्यामुळे अक्षर थरथरत नसे, डोळ्यांना बरे वाटे. आज मुले हिरवा रंग, मागे रेंगाळणारी झाक, आडव्या काळ्या रेघा आणि कडेचा फुगवटा हे सारे मुद्दाम लिहून आणतात. जे एकेकाळी यंत्राची अडचण होती ते आज मेहनत करून बनवावे लागते. १९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’ चित्रपटाने हिरव्या अक्षरांचा पाऊस जगभर नेला आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीतल्या मुलांना तो पाडून पाहावासा वाटतो. मला स्वतःला त्या पावसात फारसे काही दिसत नाही. खरी गंमत चित्र अक्षरात उतरवण्यात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे गणित. कंटाळू नका.

समजा आपले चित्र १,२८० पिक्सेल रुंद आणि ७२० उंच आहे. त्याची ८ रुंद आणि १६ उंच अशी घरे पाडा. आडवी १६० आणि उभी ४५, म्हणजे ७,२०० घरे. प्रत्येक घराचा एकच रंग ठरवा. घराच्या मध्यबिंदूचा घ्या किंवा सगळ्यांची सरासरी काढा. मग त्या रंगाची उजेडाची मात्रा काढा, ० म्हणजे काळोख आणि १ म्हणजे पांढरे शुभ्र. मग चिन्हांची एक रांग घ्या, हलक्यापासून भारीपर्यंत. पहिली जागा कोरी, आणि पुढे ही नऊ :

. : - = + * # % @

ही झाली दहा. उजेडाच्या मात्रेला दहाने गुणा, अपूर्णांक टाकून द्या, आणि जो आकडा उरेल त्या क्रमांकाचे चिन्ह त्या घरात छापा. मोजणी शून्यापासून करा. झाले चित्र.

ब्राउझरमध्ये हे काम वेबजीएल नावाच्या सोयीने करता येते. तिचे पहिले प्रमाण २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी ‘शेडर’ नावाचा एक छोटा कार्यक्रम लिहावा लागतो. शेडरची रीत चमत्कारिक आहे. तो सगळे चित्र एकदम पाहत नाही. प्रत्येक पिक्सेलसाठी तो स्वतंत्र चालतो आणि त्याला एकच प्रश्न असतो : ‘मी अमुक जागी उभा आहे, माझा रंग कोणता?’ वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक चौकोन दिला आणि शेजाऱ्याच्या पाटीत न डोकावता रंगवायला सांगितले, तसे. म्हणून त्याने आधी विचारायचे, मी कोणत्या घरात आहे; मग, त्या घराचा उजेड किती; मग, माझ्या घराच्या आत मी कोणत्या चौकोनात आहे; आणि शेवटी, त्या चिन्हाचा तो चौकोन भरलेला आहे की रिकामा. चिन्हांचा तक्ता अगोदर एका चित्रात छापून ठेवलेला असतो, त्यात फक्त पाहायचे. आमच्या उदाहरणात हे ९,२१,६०० जागी होते, आणि चित्र हलते असेल तर सेकंदाला ६० वेळा. म्हणजे साडेपाच कोटींहून अधिक वेळा. हे सारे साध्या मोबाइलमध्येही चालते. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी.

आता त्या मेणबत्तीकडे येतो. मुलीने ती पुन्हा लिहून काढली तेव्हा मी शेजारी बसलो. मेणबत्ती उत्तम दिसत होती, पण ज्योतीच्या मधोमध, जिथे सर्वांत जास्त उजेड असायचा, तिथे काळे भोक. तिने दोन दिवस डोके घातले. मी गणिताचा शिक्षक, मलाही एक संध्याकाळ लागली. उजेडाची मात्रा अगदी पूर्ण १ असेल तर दहाने गुणून १० येतात. पण आपली चिन्हे ० ते ९ एवढीच! दहावे चिन्ह नाहीच, म्हणून यंत्राने तिथे काहीच छापले नाही. दहा येताच त्याला नऊवर थांबवायचे, एवढी एक ओळ घातली आणि ज्योत भरली. शून्यापासून मोजणे आणि एकापासून मोजणे यांतला फरक मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो. तो असा डोळ्यांना कधी दिसला नव्हता.

दुसरी चूक रंगांची. तिने तांबडा, हिरवा आणि निळा यांची साधी सरासरी काढली होती. त्या हिशेबाने निव्वळ हिरवा आणि निव्वळ निळा यांची मात्रा सारखीच, एकतृतीयांश येते. निळ्या ताटातले हिरवे पान त्यामुळे साफ नाहीसे झाले. डोळ्याला तर हिरवा पुष्कळ उजळ दिसतो. म्हणून तांबड्याचे ०.२१२६, हिरव्याचे ०.७१५२ आणि निळ्याचे ०.०७२२ असे भाग धरण्याची पद्धत आहे; तिघांची बेरीज बरोबर १. या हिशेबाने हिरव्या पानाला सातवे चिन्ह मिळते आणि निळ्या ताटाला शून्यावे, म्हणजे कोरे. पान परत आले, ताट गेले! सगळेच काही मिळत नाही. (काटेकोरपणे पाहता हे भाग लावण्यापूर्वी रंगांचे आकडे आणखी एका रीतीने सरळ करून घ्यावे लागतात. ज्यांना गोडी असेल त्यांनी ‘गॅमा’ या शब्दाचा शोध घ्यावा.)

पुढे मुले नुसत्या उजेडावर समाधान मानीत नाहीत. चित्राची कड ज्या दिशेने जाते तशी चिन्हे ठेवायची, उभ्या कडेला उभी रेघ, तिरक्या कडेला तिरकी. कड ओळखण्याची एक जुनी रीत आहे, तिला सोबेलची रीत म्हणतात. शेजारच्या पिक्सेलमधले फरक मोजून ती दिशा सांगते. दिशा काढताना त्रिकोणमिती लागते. दहावीत जो मुलगा ‘याचा उपयोग काय’ म्हणून मला विचारीत असे, त्याला मी आता इथे पाठवतो.

विद्यार्थी मित्रांनो, ही सगळी उदाहरणे इंग्रजी चिन्हांची झाली. ती जाळी इंग्रजीच्या मापाची आहे. तिथे प्रत्येक अक्षर आपापल्या घरात सुटे बसते. आपली अक्षरे तशी नाहीत. मुलीने देवनागरीचा प्रयत्न केला तेव्हा पहिल्याच दिवशी ‘कि’ फुटला. आपल्या डोळ्याला ते एक अक्षर, पण यंत्राच्या लेखी दोन सांकेतिक अंक, एक ‘क’चा आणि एक वेलांटीचा. सुटे केल्याबरोबर वेलांटी एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून वेगळी उभी राहिली. १९९१ साली युनिकोड या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. सबंध आस्की जेवढी, तेवढ्याच! पण तिथे मूळ अक्षरे आणि मात्रा आहेत. जोडाक्षर हे यंत्राने छापताना बनवायचे असते. ते बनवण्याचे काम आपल्याकडे लोकांनी फार कष्टाने केले आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

तिने मग उपाय काढला. अक्षरे फोडून न घेता पुरी अक्षरेच, ‘कि’, ‘क्ष’, ‘स्त्री’, तक्त्यात एकेका घरात छापून घ्यायची. पण तेव्हा नवी अडचण आली. शिरोरेघ! प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ असल्यामुळे सगळीच अक्षरे बरीच भारी, आणि घरे शेजारी आली की सगळ्या पडद्यावर आडव्या तारा ओढल्यासारख्या दिसतात. हलक्या उजेडासाठी अक्षरच मिळेना. शेवटी तिने हलक्या जागी आपले आकडे वापरले, कारण १, २, ३ यांना शिरोरेघ नाही. त्याहून हलक्या जागी दंड आणि टिंब. आणि ज्योतीसाठी ‘क्ष’. हा शोध कोणत्याही इंग्रजी पुस्तकातून मिळाला नसता, कारण ती अडचणच त्यांची नाही.

उर्दू शाळेतल्या मुलांपुढे तर याहून अवघड कोडे आहे. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, एकावर एक झुकतो. त्याला चौकोनी घरात बसवणे म्हणजे वाहत्या पाण्याला सुतळीने बांधणे. उलट त्याच अरबी लिपीची चौकोनी कूफी ही तऱ्हा पाहा. इराण आणि मध्य आशियातल्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी विटा आणि रंगीत फरशा लावून इमारतींच्या भिंतींवर ती लिहिली. एक वीट, एक घर. भरलेले किंवा रिकामे. समरकंदच्या भिंतींचे फोटो पाहून आमची मुलगी म्हणाली, ‘अब्बा, यांनी पिक्सेल आधीच केले होते.’ तुलना थोडी धीट आहे, पण मला ती खोडता आली नाही.

पालकांना दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगतो. या खेळातून उद्या नोकरी मिळेल असे मी म्हणत नाही. आणि तयार माल पुष्कळ आहे. ‘थ्री-जेएस’ नावाच्या प्रसिद्ध संग्रहात अक्षरचित्राचा प्रकार तयारच दिलेला आहे. शिवाय आजकाल यंत्राला मराठीत सांगितले तरी ते सबंध कार्यक्रम लिहून देते. तेव्हा पडद्यावर सुंदर चित्र आहे म्हणून मूल शिकले असे समजू नका. त्याला विचारा, ‘पांढऱ्या जागी भोक का पडते?’ ‘हिरव्याला जास्त भाग का?’ आपणांस उत्तर समजले नाही तरी चालेल. त्याला सांगता येते की नाही, एवढे समजेलच.

आणि चकचकाट. जुन्या पडद्याची नक्कल करताना मुलांना पडदा फडफडवण्याची फार हौस असते. सेकंदाला तीनहून अधिक वेळा मोठा भाग उजळला-विझला तर काही माणसांना त्याने झटका येऊ शकतो, म्हणून वेबसाठीच्या नियमांत ती मर्यादा घातलेली आहे. ज्यांनी आपल्या यंत्रावर ‘हालचाल कमी’ अशी सोय लावली असेल त्यांच्यापुढे चित्र स्थिर ठेवावे. अंध माणसाचे वाचक-यंत्र खऱ्या अक्षरांचे चित्र सापडले तर ‘टिंब टिंब अधिक अधिक’ असे तासभर वाचत बसेल. त्यासाठी ती चिन्हे त्याच्यापासून झाकून चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहावे. मुलांना हे कोणी सांगत नाही.

माझे वडील आता नाहीत. त्यांचा एकच चांगला फोटो आहे, जुना, पासपोर्टच्या आकाराचा. तो मोठा केला की नुसते डाग दिसतात. दुकानदाराने दोनदा परत दिला. मुलीने तो अक्षरांत घातला. जवळून पाहिले तेव्हा मला काहीच दिसले नाही, आकडे, दंड आणि ‘क्ष’. ती म्हणाली, ‘डोळे बारीक करा.’ १९७३ साली याच हार्मनने अब्राहम लिंकनचे एक चित्र मोजक्या चौकोनांत करून दाखवले होते. चौकोनांच्या कडा डोळ्याला फसवतात. पापण्या मिटत्या केल्या किंवा मागे सरले की कडा पुसट होतात आणि चेहरा वर येतो. मी भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे गेलो. टोपी दिसली, मग चष्मा.

ते चित्र आज खालच्या मजल्यावर विज्ञान-प्रदर्शनात, जिन्याजवळच्या खोलीत लावले आहे. खोली लहान आहे, म्हणून दारातूनच पाहा. आत गेलात तर अक्षरेच दिसतील. मुलगी तिथे उभी आहे. तिला ज्योतीच्या भोकाविषयी विचारा.